काळ्या काचेची निवड

बांद्याला तेरेखोल नदीचें पात्र भर दुपारीं लखलखतें. त्यावरून ड्रोन उडविणाऱ्या छायाकारापुढें पेंच पडतो. लहान ड्रोनच्या भिंगाचें तोंड बहुधा लहान करतां येत नाहीं. म्हणून प्रकाश आवरण्यासाठीं तो प्रत्येक चित्राला सेकंदाचा १/८०० भागच देतो. अशानें वाहतें पाणी झटके खात चालल्यासारखें दिसतें.

सेकंदास २५ चित्रें असतां प्रत्येकास १/५० सेकंद द्यावा, हा जाणत्यांचा संकेत. ८०० ला ५० नें भागिलें कीं १६ येतात. तेव्हां रंग न बदलतां प्रकाशाचा सोळावा हिस्साच आंत सोडणारी ‘एनडी १६’ काच योग्य ठरते. सांजवेळीं मात्र तीच काच चित्र काळवंडून टाकील. उडालेल्या ड्रोनची काच बदलतां येत नाहीं. यास्तव हा भागाकार नदीकांठींच उरकावा, हें उत्तम.