पानगळीचा हंगाम आणि पूरग्रस्त कामगार



अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचियन पर्वतराजीत ऑक्टोबर हा सुगीचा महिना. पण ही सुगी धान्याची नव्हे, पानांची. मेपल, ओक, हिकरी यांची पाने गळण्यापूर्वी लाल-पिवळी होतात आणि ती पाहण्यासाठी दूरदूरच्या शहरांतून मोटारींची रीघ लागते. उत्तर कॅरोलिना राज्यातील ॲशविल हे या हंगामाचे एक मोठे ठाणे. ते ज्या बंकम कौंटीत वसले आहे, तेथे 2023 साली पर्यटकांनी सुमारे 3 अब्ज डॉलर खर्च केले.

हंगाम तोंडावर आला असताना, 27 सप्टेंबर 2024 रोजी, ‘हेलीन’ चक्रीवादळाच्या पावसाने हा मुलूख उद्ध्वस्त केला. फ्रेंच ब्रॉड नदीने 1916च्या महापुराची पातळीही ओलांडली. राज्यात शंभराच्या वर माणसे दगावली. जलाशयातून शहराला पाणी पुरविणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या वाहून गेल्या आणि नळाचे पाणी पुन्हा पिण्याजोगे व्हायला 18 नोव्हेंबर उजाडला. 53 दिवस! ज्या खाणावळींना पुराचा स्पर्शही झाला नव्हता, त्यांतल्या कित्येक पाण्याअभावी बंद राहिल्या. डोंगरावर उरलेली पाने ठरल्या वेळी रंगली. ती पाहायला येऊ नका, असे सरकारलाच सांगावे लागले.

पाहुण्यांनी यावे की येऊ नये, यावर तेथे पुष्कळ चर्चा झाली. ती बहुतांशी शिष्टाचाराची चर्चा होती. खरा प्रश्न वेगळाच आहे : एका महिन्याच्या गर्दीवर उभ्या असलेल्या या अर्थव्यवहारातील जोखीम कोणाच्या शिरावर होती?

स्वॅनानोआ या शेजारच्या गावात पूर्वी कांबळी विणणारी मोठी गिरणी होती. ती 2002 साली बंद पडली. अशा गिरण्या गेल्या तशी डोंगरातील माणसे हॉटेलांच्या आश्रयाला आली. या राज्यात किमान वेतन ताशी 7.25 डॉलर आहे आणि 2009पासून ते हललेले नाही. वाढप्याला तर मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतात. उरलेले गिऱ्हाइकाच्या बक्षिसीतून भरून निघते, असे कायदा गृहीत धरतो. (बक्षिसीला वेतनात जमा धरणाऱ्या कायद्याच्या चातुर्याचे कौतुकच केले पाहिजे!) गिऱ्हाईक आले नाही की वेतनच आटते. बेकारभत्त्याची कमाल मर्यादा आठवड्याला 350 डॉलर होती; ऑक्टोबर 2024मध्ये राज्यपालांनी खास आदेशाने ती तात्पुरती 600वर नेली. आपत्तीत जी रक्कम अपुरी ठरली, ती आदल्या महिन्यातील बेकाराला कशी पुरत होती, हे कोणी विचारले नाही. पुराचा विमा म्हणाल, तर या डोंगराळ भागात शंभरात एका घराकडेही तो नव्हता.

आता पैसा कोठे जातो ते पाहा. बंकम कौंटीत मुक्कामाच्या भाड्यावर 6 टक्के कर आहे. राज्याच्या कायद्यानुसार 2022पर्यंत या उत्पन्नाचा तीन-चतुर्थांश भाग पर्यटनाच्या जाहिरातीवरच खर्चणे बंधनकारक होते; त्या वर्षी दुरुस्ती होऊन तो दोन-तृतीयांश झाला. म्हणजे पाहुण्यांकडून घेतलेला पैसा मुख्यतः आणखी पाहुणे आणण्यासाठी! जाहिरात निरुपयोगी आहे असे नव्हे. 2025च्या शरदात पर्यटकांना परत बोलावणे आवश्यकच होते आणि वाढप्यांनाही ते हवे होते. परंतु त्यांची अंथरुणे बदलणाऱ्या बाईने घरभाडे कोठून भरावे, याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही.

आणि हे पर्यटक ज्या रस्त्यावरून पाने पाहतात, तो ब्लू रिज पार्कवे कोणा हॉटेलमालकाने बांधलेला नाही. महामंदीत, 1935 साली, रूझवेल्ट सरकारने बेकारांच्या हातांना काम देण्यासाठी तो सुरू केला. 469 मैलांच्या या रस्त्याचे काही टप्पे दरडींमुळे 2025च्या हंगामातही बंद होते. त्यांच्या दुरुस्तीचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतूनच होतो.