तारामती आणि दुर्गाबाई



आमच्या लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्षात तिथे घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबूतला सिनेमा असा सगळा थाट असतो. आपण माणसे हौसेने तिकीट काढतो, लावणीला दाद देतो, सिनेमातल्या आईबरोबर डोळे पुसतो. पण आपल्याच घरातली मुलगी नाटकात उभी राहते म्हणाली, की घरातले सगळे गप्प होतात. आजचे माझे बोलणे या गप्प होण्याबद्दल आहे, आणि एका बाईबद्दल आहे. तिचे नाव दुर्गाबाई खोटे.

आधी शाळेतली एक गोष्ट सांगतो. आमच्या स्नेहसंमेलनात हरिश्चंद्राचे नाटक बसवायचे ठरले. आठवीतल्या एका मुलीचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तिला तारामती दिली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. भला माणूस, दोन एकर कोरडवाहू शेती. म्हणाले, “गुरुजी, पोरीला नाटकात उभी करू नका. लोक नावं ठेवतेत. एखाद्या पोराला लुगडं नेसवा की!”

मला हसू आले नाही. कारण आपल्या देशातला पहिला चित्रपट निघाला, तेव्हा नेमके हेच झाले होते. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. तारामतीच्या कामाला कोणी बाई मिळेना. ज्यांना समाज एरवी उंबऱ्याबाहेर ठेवतो त्या बायकांनीही नकार दिला. अखेर खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून तारामती उभी केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी धीर केला, म्हणून पडद्यावर स्त्री दिसली. पण ‘घरंदाज बाईचे हे काम नव्हे’ हा समज काही गेला नाही.

आता आपल्या दुर्गाबाईंकडे येऊ. त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 चा, मुंबईचा. माहेर लाडांचे, वडील सॉलिसिटर. शिक्षण कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात. बी. ए. पुरे होण्याआधीच लग्न झाले. सासर खोट्यांचे, तेही मोठे श्रीमंत. पुढे दोन मुलगे झाले. म्हणजे कशाची वाण नव्हती. पण लक्ष्मी चंचल म्हणतात ते खोटे नाही. सासरची संपत्ती बुडाली, वाडा गेला, आणि लाडात वाढलेली ही सून शिकवण्या करू लागली. पुढे तरुण वयातच वैधव्यही आले.

सिनेमात त्या हौसेने गेल्या नाहीत. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून गेल्या. 1931 साली ‘फरेबी जाल’ नावाच्या चित्रपटात त्यांनी लहानसे काम केले. चित्रपट यथातथाच होता. लोकांनी मात्र चित्रपटाला सोडून त्यांच्या घराण्याची चर्चा केली. कुलीन घरातली सून पडद्यावर आली म्हणून नाके मुरडली गेली. दुसरी एखादी असती तर तिथेच मागे फिरली असती.

पण त्याच वेळी कोल्हापुरात ‘प्रभात’चे व्ही. शांताराम पहिल्या मराठी बोलपटाची जुळवाजुळव करत होते. विषय पुन्हा हरिश्चंद्राचाच! त्यांनी तारामतीसाठी दुर्गाबाईंना निवडले. ‘अयोध्येचा राजा’ फेब्रुवारी 1932 मध्ये पडद्यावर आला. हरिश्चंद्राच्या कामाला गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. तेव्हा पडद्यामागून दुसऱ्याने गाण्याची सोय नव्हती. ज्याचे काम त्यानेच गायचे. दुर्गाबाईंनी तेही निभावले. लेकाचे प्रेत मांडीवर घेतलेली, स्मशानाचा कर द्यायला पैसा नसलेली ती राणी लोकांनी पाहिली आणि नावे ठेवणारी तोंडे बंद झाली. वैभव गमावून मुलांसाठी झटणे म्हणजे काय, हे त्या बाईला कोणी शिकवायला नको होते.

श्रोतेहो, 1913 ची तारामती लुगडे नेसलेला पुरुष आणि 1932 ची तारामती कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई. मध्ये फक्त 19 वर्षे. एवढ्या वर्षांत कथा बदलली नव्हती; हिंमत करणारी बाई पुढे आली होती, एवढाच फरक.

पुढचे थोडक्यात सांगतो. कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ या चित्रपटांत त्यांनी काम केले. 1936 च्या ‘अमर ज्योती’त त्या सौदामिनी झाल्या. कायदा आईला तिच्या मुलावरचा हक्क नाकारतो, म्हणून सौदामिनी समुद्रावर लुटारूंची राणी होते आणि राज्याशी झुंजते. आजही ऐकताना अंगावर काटा येतो. आचार्य अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्या खाष्ट सासू झाल्या, ‘भरत मिलाप’मध्ये कैकेयी. सोज्वळच भूमिका हवी असा हट्ट त्यांनी धरला नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शेतकरी बांधवांना चटकन उमजेल. तेव्हाचे नटनटी कंपनीकडे महिन्याच्या पगारावर बांधलेले असत. आपल्याकडचा सालगडी जसा पाडव्याला एका मालकाशी बांधला जातो, तसेच. दुर्गाबाईंनी ते बंधन फार काळ मानले नाही. जिथे काम चांगले तिथे करीन, ठरलेला मोबदला घेईन, असा बाणा ठेवला. 1937 साली तर ‘साथी’ हा चित्रपट स्वतःच काढला आणि दिग्दर्शितही केला. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगभूमीवरही त्यांनी मोठमोठ्या भूमिका केल्या.

वय वाढले तशा त्या पडद्यावरच्या आई झाल्या. 1960 च्या ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते ना? एकीकडे नवरा बादशहा, दुसरीकडे पोटचा सलीम, आणि मध्ये होरपळणारी आई. 1968 मध्ये पद्मश्री, 1974 च्या ‘बिदाई’साठी फिल्मफेअर आणि 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान एका तारामतीला मिळाला! सुखच सुख होते असे मात्र नाही. धाकटा मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. तेही दुःख पचवून त्या कामात राहिल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1982 साली आले. शिक्षकांनी ते शाळेच्या कपाटात जरूर ठेवावे. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वडिलांना मी हे सगळे ओट्यावर बसवून सांगितले. शेवटी म्हटले, “दादा, नाटकात तुमची पोरगी चारचौघांपुढे न घाबरता बोलायला शिकेल. उद्या बँकेत, कचेरीत, सासरी तिला याचाच उपयोग होईल. आणि वेळ वाईट आली, तर स्वतःच्या पायावर उभी राहील.” ते काही बोलले नाहीत. टोपी नीट करून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगी तालमीला आली. बगलेत आईचे जुने इरकल लुगडे होते. म्हणाली, “गुरुजी, आईनं दिलंय. तारामतीला लागंल म्हणून.” संमेलनाच्या रात्री तिचे वडील मागे, अगदी दोरीला टेकून उभे होते. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिले आणि मग स्वतःही वाजवल्या.

गुरुजनहो, आपल्या वर्गात अशी एखादी खणखणीत आवाजाची मुलगी असेलच. तिच्या घरी एकदा जाऊन या, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो. नमस्कार.