फ्लॉरेन्सचा पाषाण, गोव्याची चांदी

फ्लॉरेन्स म्हटले की रसिकांना मायकेलँजेलो आणि लिओनार्दो आठवतात. त्यांच्यानंतरचे, सतराव्या शतकातील फ्लॉरेन्स तितकेसे कोणी आठवीत नाही. ते नगर तेव्हा राजकीय दृष्ट्या क्षीण झाले होते. मात्र त्याच्या कलाशाळा आणि कारखाने बंद पडले नव्हते. त्या काळच्या फ्लॉरेन्सची एक नामांकित कृती पाहावयाची तर इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ती जुन्या गोव्यात, बॉम जेझूच्या मंदिरात, संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीच्या रूपाने उभी आहे.

त्या काळच्या कलेला बरोक हे नाव मिळाले. वेड्यावाकड्या मोत्याला पोर्तुगीज भाषेत जो शब्द होता, त्यावरून ते पडले असावे असे मानतात. आरंभी या नावात निंदेचाच सूर होता. प्रबोधनकाळातील कलेला प्रमाणबद्धता आणि शांतता प्रिय होती. बरोक कलेला हालचाल, छायाप्रकाशाचा खेळ आणि भावनेचा आवेग प्रिय झाला. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने चित्रांनी व मूर्तींनी भाविकांना धर्माचे शिक्षण द्यावे, त्यांची श्रद्धा दृढ करावी, असे सांगितले. या धोरणाचे पुढे रोममध्ये जे भव्य रूप झाले, तेच बरोक. पिएत्रो दा कोर्तोना याने ते फ्लॉरेन्सला नेले. पित्ती राजवाड्याच्या दालनांत त्याने १६३७ पासून पुढील दहा वर्षांत जी छतचित्रे व गिलाव्यातील सोनेरी नक्षी केली, तिच्यात भिंत कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे चटकन कळत नाही.

चित्रकलेहूनही फ्लॉरेन्सचा हातखंडा होता तो रंगीत पाषाणांच्या जडावकामात. मेदिची घराण्यातील फेर्दिनांदो याने १५८८ मध्ये त्यासाठी राजाश्रयाचा कारखानाच काढला. मौल्यवान दगडाचे पातळ पत्रे कापावयाचे, त्यांच्या नैसर्गिक शिरा व छटा हेरून आकार निवडावयाचे, आणि सांधा डोळ्यांस दिसू नये असे ते जुळवावयाचे, हे तेथील काम. ताजमहालाच्या पच्चीकारीमुळे ही कला भारतीयांना परकी वाटत नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आममध्ये सिंहासनामागे वीणा वाजविणाऱ्या ऑर्फियसचा जो लहानसा फलक आहे, तो तर याच इटालियन परंपरेतला होय.

झेवियर १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावला. १५५४ मध्ये त्याचा देह मलाक्काहून गोव्यात आणला गेला, आणि १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले. ज्या बॉम जेझूमध्ये तो पुढे ठेवला गेला, त्या मंदिराचे काम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. त्याचा देह जांभ्या दगडाचा. दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी काळा दगड मात्र वसईकडून आणलेला. १६३६-३७ मध्ये मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाच्या प्रेरणेने संतासाठी चांदीची पेटी घडविण्यात आली. ती घडविली गोव्याच्या कारागिरांनी. तिच्या चारी बाजूंवरील चौकटींत संताच्या आयुष्यातील बत्तीस प्रसंग ठोकून उठविलेले आहेत. विषय ख्रिस्ती, आखणी बरीचशी युरोपीय, पण चांदीवर पडलेला हातोडा गोव्याचा.

मराठ्यांच्या इतिहासाचाही एक धागा या पेटीपाशी येऊन पोहोचतो. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि नगराजवळचे जुवे बेट घेतले. तेव्हा हतबल झालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने संताची पेटी उघडवून आपला अधिकारदंड त्याच्या देहापाशी ठेवला, आणि रक्षणाचा भार त्याच्यावर सोपविला. पुढे मोगल सैन्य कोकणात उतरल्यामुळे महाराजांना मागे फिरावे लागले. पोर्तुगीजांनी श्रेय मात्र संताला दिले.

याच सुमारास टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याच्याकडे गोव्याहून एक उशी भेट म्हणून गेली. संताचे मस्तक तिच्यावर टेकलेले होते, एवढेच तिचे मोल. पण भाविक कोसिमोला ते अपार वाटले. त्या उशीची परतफेड म्हणून त्याने समाधीचा चौथरा करविण्याचे ठरविले. काम सोपविले जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडे. कोसिमोनेच त्याला रोमला ठेवून बरोक शिल्पाचे शिक्षण देवविले होते. काम सुमारे दहा वर्षे चालले. सुटे भाग जहाजातून निघाले आणि १६९८ मध्ये गोव्यास पोहोचले. ते जुळवून उभे करण्यासाठी प्लाचिदो राम्पोनी हा कारागीर फ्लॉरेन्सहून सोबत आला होता. त्याने या प्रवासाची दैनंदिनी लिहून ठेवली आहे.

रंगीत संगमरवर व जास्पर यांचे थर एकावर एक चढत जातात. अधूनमधून बालदेवदूत दिसतात. चारी बाजूंस ब्राँझचे चार फलक आहेत. धर्मोपदेश, बाप्तिस्मा, विरोधकांपासूनची सुटका आणि एकाकी बेटावरील मृत्यू हे त्यांवरील प्रसंग. फोज्जिनीने हिंदुस्थान किंवा मोलुक्का बेटे कधी पाहिली नव्हती. तेथील माणसे त्याने फ्लॉरेन्समध्ये बसून कल्पिली आहेत. त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य याचे की एवढ्या खर्चाचा, एवढ्या कौशल्याचा हा सारा डोलारा अखेर आपल्या माथ्यावर गोव्याच्या सोनारांनी साठ वर्षांपूर्वी घडविलेली पेटी घेऊन उभा आहे. फ्लॉरेन्सने आसन दिले. आसनावरील वस्तू गोव्याची राहिली. तरीही मार्गदर्शक पुस्तकांत फोज्जिनीचे नाव ठळक असते, आणि पेटी मात्र ‘स्थानिक कारागिरांनी’ केलेली असते.

या कलेकडे पाहताना तिच्यामागील सत्तेचा विसर पडणे योग्य नव्हे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व सासष्टीतील देवळे पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आले, आणि अनेक कुटुंबे आपले देव घेऊन खाडीपार गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा फोंडे महालात विसावली, ती अशीच. परंतु पुढे अठराव्या शतकात तेथे या देवतांची जी देवालये उभी राहिली, त्यांत एक विलक्षण गोष्ट दिसते. शिखराच्या जागी घुमट, कमानदार खिडक्या, भिंतीत बसविलेले अर्धस्तंभ, सभामंडपात काचेची झुंबरे, हा सारा साज चर्चच्या वास्तूतला आहे. ज्यांनी देव हलविले त्यांनी शत्रूचा आकार मात्र नाकारला नाही. त्यापुढे आपली दीपमाळ उभारली, आणि गाभाऱ्याच्या दारावर चांदीचे नक्षीदार पत्रे चढविले. धर्मांमध्ये वैर होते. कारागिराच्या हाताला ते शिवले नाही, एवढे तरी या देवळांकडे पाहून म्हणता येते.

या कृतीचे आश्रयदाते एकेक करून काळाआड गेले. मेदिचींची राजसत्ता १७३७ मध्ये संपली. जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज मुलखातून घालविण्यात आले. रोगराईने ओस पडलेल्या नगराची राजधानी १८४३ मध्ये पणजीस गेली, आणि १९६१ मध्ये पोर्तुगीज राज्यही गेले. समाधी राहिली. ‘गोंयचो सायब’ या नावाने संताला नवस बोलणाऱ्यांत आज हिंदूही असतात. १९८६ पासून या वास्तूची गणना जागतिक वारशात होते. पण १९५० च्या सुमारास, प्राचीनत्व उठून दिसावे म्हणून, तिच्या बाहेरील भिंतींचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून सच्छिद्र जांभा कोकणचा पाऊस उघड्या अंगावर घेत आहे. तो गिलावा शोभेचा नव्हता. ते दगडाचे वस्त्र होते. जांभ्याच्या देशात घर बांधणाऱ्या कोणत्याही गवंड्याला हे ठाऊक असते. ज्याचे नाव इतिहासाने टिपले नाही, त्या कारागिराचे ज्ञान वारसा जपतानाही विचारात घेतले गेले नाही, तर फ्लॉरेन्सचा पाषाण आणि गोव्याची चांदी या दोहोंवरचे छप्पर धोक्यात येते.