जंगलाचे मोल आणि एक अपुरे चित्र



तेओदोर रूसो हा पॅरिसच्या एका शिंप्याचा मुलगा. १८३६ पासून काही वर्षे सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्याची निसर्गचित्रे सातत्याने नाकारली. १८४८ च्या क्रांतीनंतर मात्र नव्या प्रजासत्ताकानेच त्याच्याकडून फाँतेनब्लोच्या अरण्याचे चित्र करवून घेतले.

तत्पूर्वी, १८४७ मध्ये, वृक्षतोडीचे एक चित्र त्याने आरंभिले होते. ते अपुरेच राहिले. त्याचे नाव ‘निष्पापांचे हत्याकांड’. हेरोद राजाने बेथलेहेमची बालके मारविली, त्या बायबलातील कथेवरून ते घेतले होते. बाजाराच्या हिशेबी जे केवळ लाकूड होते, ते या चित्रकाराच्या लेखी जीव होते.

रूसो चित्रावर थांबला नाही. १८५२ मध्ये त्याने सरकारकडे अर्ज केला. १८५३ मध्ये सुमारे ६२४ हेक्टर रान तोडीतून वगळले गेले. १८६१ च्या हुकुमाने ते क्षेत्र सुमारे १,०९७ हेक्टरांवर गेले. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यान त्यानंतरचे, १८७२ चे.

बाजाराला ज्याचे मोल कळत नाही, त्याची राखण समाजालाच करावी लागते, हा यातील धडा. परंतु हे रान राखले गेले ते कलेच्या नावाने. ज्यांची चूल रानातल्या सरपणावर पेटते, त्यांचे नाव अशा राखणीत कोठे लिहावयाचे? रूसोच्या चित्राप्रमाणे हा प्रश्नही अपुराच राहिला आहे. तो पुरा करणे हे चित्रकाराचे नव्हे, चळवळीचे काम आहे.