पाठ्यपुस्तकापुढचा एक तास



बोदवडच्या या माध्यमिक शिक्षक संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. विषय आहे ऑनलाइन पूरक शिक्षण. त्याबाबत माझा एकच आग्रह आहे. वर्गाच्या पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलासाठी मोबाइलवर साहित्य आले आहे. आता शाळेने त्या मुलाला वेळ द्यावा आणि माणूस द्यावा.

पुस्तकाबाहेरचे शिकवण्याची परंपरा खानदेशात जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहीत. पुढे सत्तरच्या दशकात मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला आले आणि परिसरातल्या शिक्षकांना सोबत घेऊन त्याने विज्ञान शिक्षणाचा प्रकल्प राबवला. भाषा जड झाली की विज्ञान जड वाटते, त्यात मुलाचा दोष नसतो, हे केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आग्रहाने मांडत राहिले. घरी तावडी, लेवा गणबोली किंवा अहिराणी बोलणारी आपली मुले पाहिली, की हे लगेच पटते.

आज त्याच केंद्राचा ‘विज्ञान प्रतिभा’ हा उपक्रम आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. २०१७ पासून शासनाचा ‘दीक्षा’ हा ऑनलाइन मंच आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. साहित्याची वानवा राहिलेली नाही. पण घरात फोन एक, तो दिवसभर वडिलांसोबत शेतात. रात्री तो हाती येतो तेव्हा बॅटरी संपत आलेली असते आणि धाकट्या भावंडांना कार्टून हवे असते. कपाशीच्या वेचणीत तर मुलगी स्वतःच शेतात असते. तिला ‘घरी जाऊन व्हिडिओ बघ’ एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही.

म्हणून आठवड्यातून एक तास वेळापत्रकात ठेवा. शाळेचा एकच पडदा असला तरी चालेल. सगळ्यांनी मिळून पाहायचे, मध्येच थांबवायचे, वाद घालायचा. आपल्या गावाचे पाणीच घ्या. नळाला आठ दिवसांनी पाणी येते, घरात दोनशे लिटरचे तीन ड्रम भरतात आणि माणसे पाच, असे समजा. म्हणजे माणशी रोज पंधरा लिटर. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी पंचावन्न लिटर आहे. उरलेले चाळीस लिटर कुठून आणायचे? बोदवड उपसा सिंचन योजना पूर्णा नदीचे पाणी वर चढवण्यासाठी आहे, त्याला ऊर्जा किती लागेल? आता कार्य आणि ऊर्जेवरचा व्हिडिओ लावा. मुले तो मन लावून पाहतील, कारण प्रश्न त्यांच्या घरचा आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहू या. पूरक शिक्षण म्हणजे परीक्षेच्या तयारीचा ऑनलाइन क्लास नव्हे. आठवीच्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेतून गरीब घरच्या मुलाला वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. त्याची तयारी आपण मन लावून करून घेतलीच पाहिजे. पण उरलेला वेळही पर्यायांवर खुणा करण्यात गेला, तर प्रश्न विचारणारे मूल घडणार कधी?

तालुक्यातल्या शाळांनी दर शनिवारी मुलांचे प्रश्न एकत्र करावेत. आपल्याला न सुटणारे प्रश्न जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या प्राध्यापकांपुढे व्हिडिओवरून ठेवावेत. लहान शाळेत विज्ञानाचा शिक्षक एकटाच असतो. त्यालाही या निमित्ताने सोबत मिळेल.

यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहायला नको. तास आपल्या हातात आहे, मुख्याध्यापक इथे बसलेले आहेत. येत्या सोमवारी वेळापत्रकात तो तास लिहा, एवढी कळकळीची विनंती करतो.