ठाण्याची लोकर गिरणी : एका घराण्याच्या उद्योगाची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



चांदे, नांदे व मुळशीच्या पंचक्रोशीतील समाज हा प्रामुख्याने व्यापारी आहे. आजोबांनी मांडलेले दुकान वडिलांनी वाढविले आणि आता ते नातवाच्या हाती आहे, असे चित्र घरोघरी दिसते. अशा सभेपुढे एका मोठ्या उद्योगघराण्याचा इतिहास मांडणे उचित ठरेल. तो उद्योग महाराष्ट्राच्या भूमीवर वाढला आणि त्याच्या कापडाचे ताके बहुतेक कापड दुकानांच्या फळीवर राहिलेले आहेत. तो उद्योग म्हणजे रेमंड.

सन १९२५ मध्ये ठाण्याच्या खाडीजवळ ही लोकर गिरणी उभी राहिली. मुंबईच्या प्रसिद्ध ससून घराण्याच्या पेढीकडे तिचा कारभार होता आणि त्या पेढीतील रेमंड नावाच्या संचालकांवरून गिरणीस नाव मिळाले. कानपूरचे सिंघानिया हे मूळचे मारवाडी व्यापारी घराणे. लाला जुग्गीलाल व त्यांचे पुत्र कमलापत यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘जे. के.’ हा उद्योगसमूह ओळखला जाऊ लागला. कमलापतजींचे पुत्र लाला कैलासपत सिंघानिया यांनी सन १९४४ मध्ये ही गिरणी ताब्यात घेतली. त्या काळी तेथे मुख्यत्वे घोंगड्या, ब्लँकेट व जाडेभरडे लोकरी कापड तयार होत असे.

कैलासपतजींपुढील अडचण कच्च्या मालाची होती. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. धनगर बांधवांच्या घोंगडीला ती उत्तम. पाऊस आणि थंडी दोन्ही अडविते. मात्र सुटाच्या कापडाला ती चालत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढीची बारीक व लांब धाग्याची लोकर लागते. ती विंचरून आखूड तंतू काढून टाकतात, उरलेले तंतू एका दिशेने लावतात आणि मग पीळ देऊन सूत काढतात. अशा सुताच्या कापडास व्यापारात ‘वर्स्टेड’ म्हणतात. सुटाच्या कापडावर ‘सुपर १००’, ‘सुपर १२०’ असे आकडे असतात, त्यांचा अर्थ पुष्कळ ग्राहक विचारतात. तो आकडा लोकरीच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० साठी तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा अधिक नसावी आणि पुढच्या प्रत्येक दहा अंकांस ती अर्ध्या मायक्रॉनने कमी व्हावी, असा दंडक आहे. आकडा वाढला की कापड मऊ होते व किंमत चढते. टिकाऊपणा त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही. हे ग्राहकास स्पष्ट सांगणारा दुकानदार एखादा सौदा गमावील, पण गिऱ्हाईक गमावणार नाही.

गिरणीने यंत्रे बदलली, माल सुधारला आणि विक्रीचीही नवी पद्धत आणली. सन १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागात ‘किंग्ज कॉर्नर’ हे स्वतःचे विक्री दालन उघडले. कापड गिरणीने घाऊक व्यापाऱ्यावर विसंबून न राहता थेट ग्राहकासमोर यावे, ही त्या काळी नवी गोष्ट होती. पुढे लोकर व पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड आले, त्यामुळे सूट मध्यमवर्गीयाच्या लग्नातही दिसू लागला. सन १९७९ मध्ये जळगाव येथे कारखाना निघाला. सन १९८० मध्ये विजयपत सिंघानिया यांनी सूत्रे स्वीकारली. ‘पार्क अॅव्हेन्यू’ हे तयार कपड्यांचे नाव सन १९८६ मध्ये बाजारात आले आणि सन १९९१ मध्ये छिंदवाडा येथील कारखाना सुरू झाला. स्वतः विजयपतजी साहसी वैमानिक. दिनांक २६ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांनी मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून उड्डाण केले, सुमारे २१ किलोमीटर उंचीचा विक्रम केला आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरजवळ ते उतरले.

मधल्या काळात कंपनी सिमेंट, पोलाद, कृत्रिम धागे अशा अनेक क्षेत्रांत शिरली होती. सन २००० मध्ये गौतम सिंघानिया अध्यक्ष झाले आणि त्याच सुमारास यांतील सिमेंट व पोलादासारखे उद्योग विकून कापडाकडे लक्ष एकवटण्यात आले.

येथे एका परदेशी घराण्याची तुलना उद्बोधक ठरते. स्वीडन देशातील हेस्ट्रा या गावी मार्टिन मॅग्नुसन या शेतकऱ्याने सन १९३६ मध्ये लाकूडतोड्यांसाठी हातमोजे शिवण्यास आरंभ केला. जवळच्या इसाबेर्ग टेकडीवर बर्फावरून घसरण्याचा खेळ वाढला, तसे त्या खेळाडूंसाठी मोजे होऊ लागले. आज चौथी पिढी त्या व्यवसायात आहे आणि अजूनही ते हातमोजेच करतात. तो माल बहुतांशी कातड्याचा, त्यामुळे जैन व्यापाऱ्यास त्याचा व्यापार वर्ज्यच. तथापि एका वस्तूशी चार पिढ्या निष्ठा ठेवण्याची त्यांची शिस्त ध्यानात घेण्याजोगी आहे.

रेमंडच्या इतिहासातील दोन कटू प्रसंगही सांगितले पाहिजेत. सन २००९ मध्ये ठाण्याची मूळ गिरणी बंद झाली व उत्पादन अन्य कारखान्यांत गेले. ज्या कामगारांच्या दोन-दोन पिढ्या तेथे राबल्या, त्यांच्या घरचा भोंगा थांबला. जमीन मात्र मोलाची झाली. सन २०१९ मध्ये तेथील सुमारे २० एकर जमीन ७०० कोटी रुपयांस विकली गेली आणि उरलेल्या जागेवर गृहसंकुले उभी राहू लागली. हिंजवडीच्या शेजारी राहणाऱ्या चांदे-नांदेकरांना हा अनुभव नवा नाही. जमिनीचा पैसा एकदाच येतो. धंदा दरवर्षी देतो, पण दरवर्षी कष्टही मागतो. दोहोंतील निवड प्रत्येक कुटुंबाने डोळसपणे करावयाची असते.

दुसरा प्रसंग घरातील आहे. सन २०१५ मध्ये विजयपतजींनी कंपनीतील आपला सुमारे ३७ टक्के हिस्सा पुत्राच्या नावे केला. पुढे मुंबईतील जे. के. हाउसमधील राहत्या जागेवरून मतभेद झाले आणि सन २०१७ मध्ये पित्याने उच्च न्यायालयात धाव घेतली. जागा कंपनीच्या मालकीची होती आणि ती बाजारभावाहून कमी दराने कुटुंबास विकण्याचा प्रस्ताव भागधारकांनी त्याच वर्षी फेटाळला. कोण बरोबर, हा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. परंतु कोणती मालमत्ता पेढीची, कोणती घराची आणि वडीलधाऱ्यांच्या उदरनिर्वाहाची तरतूद कोणती, हे प्रेमाचे दिवस असतानाच कागदावर आले पाहिजे, एवढा बोध निश्चित घेता येतो. लहान दुकानातही गल्ला एक आणि हिशेब एकत्र असतो. तंटा तेथूनच उपजतो.

आज कापड व तयार कपडे यांची कंपनी निराळी आणि बांधकामाची निराळी झाली आहे. त्यांची शेअर बाजारात स्वतंत्र नोंदणी अनुक्रमे सन २०२४ व २०२५ मध्ये झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या घोंगडीच्या गिरणीने एवढी मजल मारली, ती मालाचा दर्जा राखल्यामुळे.

या संस्थेनेही पन्नास वर्षे पूर्ण केली आहेत. विश्वस्त बदलतात, वही चालू राहते. ती वही स्वच्छ ठेवून पुढच्या पिढीच्या हाती द्यावी आणि देताना मागच्या पिढीचा मान राखावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र.