युरिया जातो कुठे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



फवारणीसाठी युरिया भिजवताना एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बादलीत पाच लिटर पाणी घ्यायचे, त्यात किलोभर युरिया टाकून ढवळायचा. बादली गार पडते, चांगली आठ-दहा अंशांनी. खाली जाळ नाही, कोणाचा जोर नाही; तरी युरिया आपोआप विरघळतो आणि वर पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो.

कोणतीही रासायनिक क्रिया आपोआप घडते ती दोन ओढींनी. एक ओढ उष्णता बाहेर टाकण्याची. पळाटी पेटते ती हिच्यामुळे. दुसरी ओढ पांगण्याची, मोकळे होण्याची. बादलीत दुसरी जिंकली. आणि तापमान वाढेल तसे या दुसऱ्या ओढीचे पारडे जड होत जाते.

बांधावरचा चुनखडीचा दगड शंभर उन्हाळे तापला तरी दगडच राहतो. भट्टीत सुमारे 900 अंशांला मात्र त्यातला कर्बवायू निघून जातो आणि चुना उरतो. तोच चुना पाण्यात विझवून भिंतीला लावला, की हवेतला तोच वायू परत घेऊन दगडासारखा कडक होतो. उष्णतेने कामाला नुसता वेग येतो असे आपण समजतो. ती कामाची दिशाही फिरवते.

आता हे रानात आणू. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत नत्र असते जवळपास 21 किलो. ओल्या मातीत युरिया फुटतो आणि त्याचा अमोनियम होतो. अमोनियम चिकणमातीला धरून राहतो, पिकाला मिळतो. पण त्यातला काही भाग अमोनिया वायू होऊन उडण्याच्या तयारीत असतो. हा बदल उष्णता घेऊन होतो, म्हणजे चुन्याच्या भट्टीच्याच जातीचा. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानाचा सामू 8.2 धरा. मातीच्या पाण्यात मोकळ्या असलेल्या अमोनियमपैकी 25 अंशांला सुमारे 8 टक्के वायूच्या रूपात असतो, 40 अंशांला सुमारे 20 टक्के. तो उडाला की त्याची जागा भरायला उरलेल्यातला पुढे येतो. शिवाय युरिया फुटतो त्या जागी सामू आणखी चढतो. भादव्याच्या उघडिपीत भर दुपारी काळ्या रानात अनवाणी उभे राहून पाहा, म्हणजे 40 अंश काय ते कळेल.

अगदी कोरड्या मातीत दाणा बराच काळ तसाच पडून राहतो. खरा घात होतो तो माती ओलसर असताना, दाणा विरघळण्यापुरती चिपचिप आणि त्यावर तीन-चार दिवस कडक ऊन. पाऊस येईल या आशेने आपण फेकून देतो, आणि पाऊस हुलकावणी देतो. कपाशी पिवळीच राहते. मग दुकानदार सांगतो, अजून एक गोणी टाका.

शेतकी कॉलेजात हे आम्हाला शिकवले होते. परीक्षेत लिहून आम्ही मोकळे झालो, आणि पुढे शिफारशीच्या कागदांवर हेक्टरी किती किलो एवढेच लिहीत राहिलो. खत किती द्यायचे ते छापले. कोणत्या उन्हात देऊ नये, ते छापायचे राहिले. आणि उत्पादन घटले की शेतकरी अडाणी!

2015 पासून युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला. तो लेप अमोनियमचे नायट्रेट होणे लांबवतो, ते ठीक आहे. हवेत उडणारा अमोनिया त्याने अडत नाही. त्याला अडवते माती. कपाशीच्या झाडापासून वीतभर अंतरावर दोन-तीन इंच खोल युरिया घाला आणि लगेच माती ओढा. वर निघालेला वायू वाटेत ओल्या मातीला भेटतो आणि पुन्हा अमोनियम होऊन थांबतो. खाली माती गारही असते. फेकायचाच असेल तर मागोमाग डवरा फिरला पाहिजे, त्याच दिवशी. उद्या म्हणाल तर निम्मे काम वाऱ्यावर. कोरडवाहू रब्बी ज्वारीला तर दोन चाड्यांच्या पाभरीने पेरतानाच खत खोल जाते, तिथे ही चिंता थोडी.

मजुरी वाढते, हे आम्हाला मान्य आहे. बायांच्या कमरेवर ते काम पडते, हेही. म्हणून या हंगामात गावागावांत दोन-दोन तासे वेगळी राखा, दोन मातीआड आणि दोन वर फेकलेली, खत तेवढेच. वेचणीला कापूस वेगळा मोजा आणि पुढच्या मेळाव्याला आकडे घेऊन या. मजुरी फिटली की नाही, ते त्या आकड्यांवरूनच ठरवू.